रामलिंगअण्णांची पाटी

रामलिंगअण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाला तोंडावर काही मागितलं नव्हतं. (बायकोसुद्धा वडिलांनी मागून आणली होती.) त्यामुळं वरच्या मजल्यावरच्या महांतप्पांकडं भाडं वाढवून मागायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी आपल्या स्वभावाला साजेसा मार्ग काढला. गेटवर पाटी लावायची : ‘तीन खोल्या भाड्याने देणे आहे.’ महांतप्पा समजदार माणूस. वाचतील, समजतील, आपणहून भाडं वाढवतील!

कारणही तसंच होतं. धाराशिवात मेडिकल कॉलेज आलं, आणि तुळजापूरची नवी रेल्वे अजून यायची असली तरी जागांचे भाव आधीच येऊन बसले. अण्णा पोरांना जिथं हुरडा खायला न्यायचे, तिथं आता प्लॉटची चौकशी केली की एजंट आधी पाणी पाजतो, मग आकडा सांगतो. शेजारच्या गल्लीत दोन खोल्यांना सात हजार. महांतप्पा तीन खोल्यांना दोन हजार द्यायचे, तेही अण्णा दर महिन्याला “राहू द्या, सावकाश” म्हणत घ्यायचे.

ते भाडं ठरलं तेव्हा गाव उस्मानाबाद होतं आणि घरासमोर ज्वारी डोलत होती. करारबिरार काही नाही. महांतप्पांनी नारळ फोडला, त्यांच्या पार्वतम्मांनी दूध उतू घालवलं, झाला व्यवहार. त्यांची लेक शिवप्रिया याच जिन्यात पाऊल टाकायला शिकली. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, अण्णांच्या शेतात दोन्ही घरं एकाच पंगतीत भज्जी-आंबील खायची. काय दिवस होते ते! भाडं मागायला म्हणून अण्णा कितीदा तरी वर गेले आणि दर वेळी शेंगाच्या चटणीची वाटी घेऊन खाली आले.

पाटी लावली आणि लाजेपोटी अण्णा बायकोला, तारामतीबाईंना, घेऊन भावाकडं बेंबळीला निघून गेले.

“तोंडानं सांगा की सरळ,” तारामतीबाई एसटीत म्हणाल्या.

“पाटी बोलंल,” अण्णा म्हणाले.

पाटी बोलली. दोन दिवसांनी परत आले, तर दारात मांडव. खुर्च्यांवर अख्खी गल्ली. इतक्यात महांतप्पांनी पुढं येऊन त्यांच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल घातला.

“अण्णा, आमाला न सांगताच पुण्याला चाललाव व्हय?”

“पुण्याला?”

“पाटी वाचली की! वरच्या तीन खोल्यांत आमी हाव. मंग रिकाम्या व्हणार त्या खालच्याच. तुमचा प्रेम तिथनं कवापासून बोलवत हुता तुमाला. शेवटी ऐकलंव पोराचं.”

अण्णांनी तोंड उघडलं. त्यात कुणीतरी पेढा घातला.

मग भाषणं झाली. अण्णांसारखा मालक मिळायचा नाही, एका पैशानं भाडं वाढवलं नाही, असं जो तो सांगू लागला. (तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतायत.) पार्वतम्मा तर हुंदके देत म्हणाल्या, “येळवशीला आता कुणाच्या शेतात जावं आमी?”

ते ऐकून अण्णांना खरंच भरून आलं. भाड्यावरून ही माणसं निघून गेली असती तर त्या पंगतीत आपण दोघंच बसलो असतो, हे त्यांना आत्ता कळलं. ते टोपी सावरत उठले.

“म्या कुठंच जात न्हाय! तुमच्याबिगर करमायचं न्हाय मला.”

निरोपासाठी आणलेली तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ आनंदानं वाजवली गेली.

धूर विरल्यावर महांतप्पांनी अण्णांना बाजूला घेतलं. “अण्णा, तुळजापूर रोडला फ्लॅट घेतलाय म्या. घर सोडतो म्हणायला तोंड उघडत नव्हतं. तुमी चाललाव म्हणल्यावर जरा सुटल्यागत झालं. पर आता तुमी आमच्यासाठी ऱ्हायलाव, मंग आमी कसं जावं? आमी हितंच. फ्लॅट देऊ भाड्यानं.”

“बरं झालं,” अण्णा म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, हीच तर पंचाईत होती.

“काय भाडं सांगावं?”

“बारा हजार तरी सांगा,” अण्णा क्षीण आवाजात म्हणाले.

“एवढं? तोंडावर मागायची लाज वाटती हो.”

“पाटी लावा.”

महांतप्पांनी तीच पाटी काढून नेली. दुसऱ्या दिवशी ती फ्लॅटच्या गॅलरीला बांधताना खालून अण्णांनीच “जरा डावीकडं” म्हणून सांगितलं.

एक तारखेला महांतप्पा नेहमीप्रमाणं दोन हजार घेऊन खाली आले. अण्णा सवयीनं म्हणाले, “राहू द्या, सावकाश.”

महांतप्पांचा चेहरा उजळला. “लई उपकार झाले, अण्णा. फ्लॅटचा हप्ता आजच हाय,” म्हणत त्यांनी पैसे परत खिशात घातले आणि अण्णांच्या हातात शेंगाच्या चटणीची वाटी ठेवली.