बोरकर काकांची मागची चाकं

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये हिवाळ्यात लोक गाडी गॅरेजमध्ये ठेवतात. बोरकर काका गाडी बाहेर बर्फात ठेवायचे आणि गॅरेजमध्ये हीटर लावून स्नोमोबिल. बर्फावर पळणारं हे जुनं पिवळं वाहन त्यांनी कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून उचललं होतं. ते पळताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. सकाळी माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना आत काका जमिनीवर आडवे दिसायचे. स्नोमोबिलच्या मागच्या भागात रबरी पट्टा असतो, तो आतल्या छोट्या चाकांवरून फिरतो. काकांचं वैर या चाकांशी.

"फॅक्टरीवाल्यांना अक्कल नाही गं! एवढीशी चाकं? धक्के बसणारच."

त्यांनी मोठी चाकं बसवली. पट्टा इतका ताणला गेला की फिरेचना. "थिअरी बरोबर आहे," काका म्हणाले. ते ऑफिसात गाड्यांची धक्के झेलणारी सस्पेन्शन डिझाइन करायचे, त्यामुळे चूक पट्ट्याची होती. त्यांनी लांब पट्टा मागवला.

कुठलाही विषय काढा, चाकांपाशीच यायचा. एकदा मी व्हिसाचं टेन्शन आलंय म्हटलं. "तुझा लोड एकाच पॉइंटवर येतोय," काका म्हणाले, "डिस्ट्रिब्यूट कर."

दसऱ्याला त्यांनी यंत्राची पूजा केली. झेंडू मिळाला नाही म्हणून प्लास्टिकचा हार, कुंकू थेट मागच्या चाकांना. जेवायला आलेल्या मंडळींना आधी गॅरेजमध्ये उभं राहून बेअरिंगवर व्याख्यान ऐकावं लागलं. तोवर पुऱ्या गार.

काकूंच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या हिवाळाभर खिडकीशी बसून असायच्या. निसरड्यावर पाय टाकायची हिंमत नव्हती. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिला. "बर्फ पडला की एकदा बसेन मी मागे. पाठीला धक्का बसला, तर हे धूड विकायचं आणि गाडी आत आणायची."

"पाण्याने भरलेला पेला ठेव, थेंब सांडणार नाही!"

"पेल्याला मणका नसतो हो."

जानेवारीत काकांच्या एका अमेरिकन मित्राच्या शेतावर तो प्रयोग झाला. दोन स्वेटर आणि काकांचा ओव्हरकोट घालून काकू मागे बसल्या. इंजिनाच्या आवाजाने कावळे उडाले, पण वेग असा की बाजूने चालणारी मी पुढे गेले. दर दहा पावलांवर काका मान वळवून ओरडत, "लागलं का?"

"नाही हो! बघा पुढे!"

उतरल्यावर काकू म्हणाल्या, "गादीवर बसल्यासारखं वाटलं." काका मित्राला इंग्रजीत फॅक्टरीवाल्यांची अक्कल सांगू लागले.

घरी आल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "हॉट वॉटर बॅग भरून दे गं. ह्यांच्यासमोर नको. इतकी वर्षं राबलाय त्या डबड्यावर माणूस. राहू दे गाडी बाहेर."

बॅग देऊन मी गॅरेजमध्ये डोकावले. काका पुन्हा आडवे, मोठं चाक निम्मं सुटलेलं.

"आता कशाला, काका? काकूंना आवडलं ना?"

"हो, म्हणाली तसं." त्यांनी पाना फिरवला. "पण वळणावर तिने माझं जॅकेट गच्च धरलं. दुखलं की ती असंच धरते." मग जरा सरकून म्हणाले, "इथे टॉर्च धर बघू."

मी धरला.