कुलूप लावून बटण बदलणारा दामू

दिव्याचं बटण बदलायला दामू तांडेलला बोलावलंत, तर तो आधी शेजारच्या घरात शिरतो. तिथल्या प्लगमध्ये टेस्टर घालतो, टेस्टर पेटलेला पाहतो आणि मग तुमच्याकडे येऊन वायरी तपासतो. तपासून झालं की पुन्हा शेजारी, टेस्टर अजून चालतोय का बघायला. कुणी हसलं तर म्हणतो, "मेलेल्या टेस्टरला सगल्या वायरी मेलेल्याच दिसतात."

बोईसरच्या आमच्या इमारतीत तो माझ्या समोरच्या घरात एकटाच राहतो. मूळचा सातपाटीचा. भाऊ होडीवर गेले, हा कारखान्यात वायरमन झाला. तिथून निवृत्त झाला, पण तिथली शिस्त काही निवृत्त झाली नाही. मेन स्विच बंद करून तो पेटीला स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली गळ्यात अडकवतो आणि घरात माणसं किती ते मोजतो. "बंद केलाय असं तोंडानं नको, कुलूप दाखवा!" वायरी सोडवण्याआधी मोबाईलवर त्यांचा फोटो काढतो. नव्या बटणात वायर आवळली की ओढून बघतो. पाच मिनिटांच्या कामाला तास.

एकदा आमच्या सेक्रेटरीबाई वैतागल्या. "दामूभाऊ, बटण बदलताय की अणुभट्टी?"

"ताई, माणूस दोन्हीकडं सारकाच मरतो."

आठ वर्षांपूर्वी दामू मेन बंद करायला विसरला, झटका बसला, उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली आणि तेव्हापासून तो कुलूप लावू लागला, असं आमच्याकडे सगळे सांगतात. बोटं खरी, कुलूपही तेव्हाचंच. विसरल्याचं मात्र खोटं आहे.

झटका माझ्या घरात बसला. दामूनं मेन बंद केला होता. मला बजावलंही होतं, "मास्तर, हात लावू नका." मी पेपरातून डोकं वर न काढता "हो हो" म्हणालो. दहा मिनिटांनी उकडायला लागलं. पंखा बंद दिसला, म्हणून उठलो आणि मेन वर केला. आतून धप्पकन आवाज आला.

माणसं जमली. भिंतीला टेकून बसलेला दामू माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेन बंद कराया इसरलो. आपलीच चूक." वायरमननं असं म्हणणं म्हणजे नाखव्यानं भरती-ओहोटी कळत नाही म्हणण्यासारखं. लोकांनी त्याला कामं देणं कमी केलं. मी गप्प राहिलो.

परवा सोसायटीच्या सभेत सूचना आली, की विसराळू माणसाला यापुढे कुणी वायरिंगला हात लावू देऊ नये. दामू मागच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. मी उठलो आणि मेन मी चालू केला होता, हे सगळ्यांसमोर सांगितलं. सूचना बारगळली.

जिन्यात दामू माझ्यावरच उखडला. "कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"अरे, आठ वर्षं तुझं नाव खराब—"

"नाव ऱ्हाऊ द्या. तवा मी खरं बोललो असतो, तर तुमी लाजून दार लावलं असतं. मग सांजचा मी कोणाकडं येऊन बसलो असतो?"

वर आलो, कुलूप काढलं, दार उघडलं. एरवी माझ्याआधी आत शिरणारा दामू उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"येऊ ना, मास्तर?"