द्रोण घातलेल्या अळंब्या

एका जंगलात कायम ओल असायची. केवढी ओल? माकडांनी वाळत घातलेली शेपूट आठवडाभर वाळत नसे, एवढी. हसू नका. मी सांगतोय ना? मग खरंच असणार.

त्या जंगलात उंबराचा एक ओंडका आडवा पडला होता. कुजून पार भुसभुशीत झालेला. त्याच्यावर इवल्या इवल्या अळंब्या उगवायच्या. आणि त्या अळंब्यांवर सगुणाबाई जगायची. सगुणाबाई म्हणजे एक वयस्कर गोगलगाय. तिला दुसरं काही पचत नसे. पाला खाल्ला की पोट फुगायचं. आता शंखात राहणाऱ्याचं पोट फुगलं तर त्याने जावं कुठे, तुम्हीच सांगा!

एके दिवशी खबर आली, की वाघमहाराज अळंब्या बघायला येणार. झालं! वनशोभा समितीची धावपळ सुरू झाली. समितीचे अध्यक्ष होते धनेशराव. धनेश पक्ष्याची चोच मुळातच मोठी, त्यात अध्यक्षपद मिळालेलं. मग काय विचारता!

धनेशरावांनी ओंडका बघून नाक मुरडलं. म्हणजे चोच मुरडली.

"शी! महाराजांना हे कुजकं लाकूड दाखवायचं? आधी खरवडा. मग धुवा. मग लावा गेरू आणि चुना!"

"अहो, असं काय करता!" सगुणाबाई कळवळून म्हणाली. "लाकूड कुजलंय म्हणून तर अळंब्या आहेत. ते खरवडलंत तर त्या काय खातील? आणि मी काय खाऊ?"

"सगुणाबाई, हा जंगलाच्या अब्रूचा प्रश्न आहे. तुमच्या जेवणाचं नंतर बघू."

बाळांनो, मोठी माणसं 'नंतर बघू' म्हणाली की पुढे काय होतं, ते तुम्हाला घरच्या घरी ठाऊक आहेच.

माकडांनी ओंडका खरवडला. शेपट्या बुडवबुडवून रंगवला. खाली गेरू, वर चुना. ओंडका अगदी लग्नघरासारखा दिसायला लागला. फक्त अळंब्या तेवढ्या राहिल्या नाहीत. एकसुद्धा!

महाराजांसाठी आसन हवं होतं. माकडांनी आंब्याचा एक जुना बुंधा ओढून आणला. तोही कुजकाच. पण रंग संपत आला होता, म्हणून तो नुसता पुढून रंगवला. मागून कोण बघतंय?

"अध्यक्षसाहेब, पण अळंब्या कुठे आहेत?" एका माकडाने विचारलं.

धनेशरावांनी जरा वेळ डोकं खाजवलं. मग तळ्यावरून छोटे बेडूक बोलावले. प्रत्येकाच्या डोक्यावर चुना फासलेला एकेक द्रोण पालथा घातला आणि सगळ्यांना ओंडक्यावर ओळीत उभं केलं.

"हलायचं नाही. बोलायचं नाही. माशी दिसली तरी गिळायची नाही!"

महाराजांचा दौरा दोनदा पुढे ढकलला गेला. बेडूक बिचारे उभेच. सगुणाबाई रोज ओंडक्यावर जाऊन चुना चाटून बघायची आणि थुंकायची. भुकेने तिचे डोळे आत गेले. तसे तिचे डोळे एरवीही आत जातात, पण आता ते बाहेर यायला तयार नव्हते.

शेवटी महाराज आले. बुंध्यावर बसले. ओंडक्याकडे बघून खूश झाले.

"वाहवा! आमच्या बाजूच्या अळंब्या भारी बेशिस्त. एक इकडे, एक तिकडे. आणि या बघा, कशा ताठ!"

तेवढ्यात एका बेडकाच्या नाकावर माशी बसली. त्याला राहवेना.

"डराँव!"



"अरेच्चा! ही बोलते?" महाराजांनी विचारलं.

"सुधारित जात आहे, महाराज," धनेशराव म्हणाले. त्यांची पापणीसुद्धा लवली नाही.

सगुणाबाईसुद्धा दर्शनाला निघाली होती. पण गोगलगायच ती! गर्दी पुढे गेली आणि ती बुंध्याच्या मागेच राहिली. तिथे तिला ओळखीचा वास आला. ओल्या मातीचा, कुजक्या लाकडाचा. तिचे डोळे टपकन बाहेर आले. बुंध्याच्या न रंगवलेल्या पाठीवर अळंब्या उगवल्या होत्या!

"सापडली!" ती आनंदाने ओरडली. "महाराज, ही बघा खरी अळंबी!"

महाराजांनी मान वळवून बघितलं.

"ही? ही तर वाकडी आहे. रंगही मळकट. आणि खरी असती तर बोलली नसती का?"

सगळं जंगल खो खो हसलं. बेडूकही हसले, द्रोण सावरत.

"खोटी आहे! उपटा आणि नदीत फेका!" धनेशराव गरजले. माकड खराटा घेऊन धावलं.

सगुणाबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने खराट्याकडे बघितलं. अळंब्यांकडे बघितलं.

"चुकले, महाराज! म्हातारीची नजर ती! धडधडीत खोटी आहे. पण असली खोटी चीज नदीत फेकली, तर गावोगाव पसरते. ती मुळापासून गिळूनच टाकावी लागते."

"अरे बाप रे! पण एवढी घाण गिळणार कोण?"

"जंगलासाठी," सगुणाबाई डोळे पुसत म्हणाली, "मी कसंबसं करीन."

महाराज गहिवरले. त्यांनी तिला जागच्या जागी 'खोटी अळंबी निर्मूलन अधिकारी' नेमलं. बेडकांनाही ओंडक्यावर कायम केलं. ते अजून तिथेच उभे आहेत.

सगुणाबाई मात्र सगळ्या साहेबांच्या आसनांमागे तपासणी करत फिरते. मागून एकही आसन रंगवलेलं नाही. ती आता इतकी जाड झालीय, की शंख सैल करून घ्यावा लागला.

तात्पर्य : खऱ्याला खरं म्हणावं, पण पोट भरलेलं असताना. भूक लागली असेल तर त्याला खोटं म्हणावं, म्हणजे ते आपल्याच ताटात पडतं.