रमोनच्या आईचे खांदे

आमच्या ऑफिसातला फिलिपिनो ड्राफ्ट्समन रमोन कुणाचंही चित्र युनिफॉर्ममध्ये काढत नसे. देव जरी युनिफॉर्म घालून आला असता, तरी रमोनने त्याला आधी कपडे बदलायला लावले असते.

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईजवळ अजमानला एकाच इमारतीत राहायचो. दर शुक्रवारी त्याच्या खोलीवर फिलिपिनो नर्सेस, मोलकरणी, दुकानांतल्या मुली चित्र काढून घ्यायला यायच्या, ड्यूटीवरून थेट. "नो युनिफॉर्म! खलास!" म्हणत रमोन त्यांच्या हातात तेर्नो ठेवायचा. तेर्नो म्हणजे त्यांच्याकडचा सणासमारंभाचा पायघोळ झगा, खांद्यांवर फुलपाखराच्या पंखांसारख्या ताठ बाह्या. झगा एकच. बारीक मुलगी आली की मागे पिनाच पिना, जाडी आली की पाठ उघडी. "पेंटिंग में पीछे का नहीं दिखता," हे त्याचं तत्त्वज्ञान. बाही मात्र तसूभर वाकलेली चालत नसे.

एका शुक्रवारी तो आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाला, "नलिनीभाभी, यू हॅव माय मदर्स शोल्डर्स."

नलिनी भडकली. "मी काय याच्या आईएवढी दिसते?"

रमोन हटला नाही. दारातच उभा राहून सांगत राहिला. त्याच्या आईने जन्मभर लोकांचे तेर्नो धुतले, खळ घालून इस्त्री केले. स्वतः एकदाही घातला नाही. "शी सेज, नॉट फॉर मी. बट आय विल मेक हर वेअर!" आता तिची नजर जात चालली होती. ती पुरती जाण्याआधी, येत्या ख्रिसमसला, तिला तेर्नोतलं तिचं चित्र दाखवायचंच होतं. चेहरा फोटोवरून जमला होता. पण त्याच्याकडे येणाऱ्या मुली सगळ्या तरण्या. आईच्या भरल्या खांद्यांवर बाही कशी बसेल, ते त्याला उमगत नव्हतं.

"दहा मिनिटं. यल्ला, चल," नलिनी म्हणाली. मग "पिना टोचतायत रे!" असं करवादत दुपारभर बसली.

बाही मनासारखी उतरली. रमोनने ब्रश ठेवला, नलिनीचा हात हातात घेतला आणि वाकून आपल्या कपाळाला लावला. त्यांच्यात वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करतात. नलिनी तर त्याच्याहून लहान.

"नानाय," तो पुटपुटला. म्हणजे आई. कित्येक वर्षं त्याला घरी जाता आलं नव्हतं.

मला वाटलं, आता ही पुन्हा भडकणार. तिने हात काढून घेतला नाही. दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि चक्क मराठीत विचारलं, "जेवलास का रे, बाळा?"