दारातून सुटणारं जहाज

सकाळी साडेआठला जयमालाबाईंनी लॉफ्टवरची निळी सूटकेस खाली ओढली, तेव्हा दिनानाथ तोंडवळकर चहात खारी बुडवत बसले होते. सूटकेसवरची चार वर्षांची धूळ थेट चहावर आली.

"कुठं निघालीस?"

"मी नाही, आपण. सुचिताचा फोन होता सांगलीहून. क्रूझचं जहाज आपल्या खाडीतून सुटणार म्हणे, करावे गावाच्या बाजूनं."

"अगं, अफवा असतात या. लोकांना कामधंदे नाहीत."

"असतील की. पण तिला आलेल्या मेसेजात लिहिलंय, 'बंदर खात्यात एकतीस वर्षं काढलेले जाणकार श्री. तोंडवळकर यांच्या माहितीनुसार.' आपल्या सेक्टरात तोंडवळकर किती आहेत हो?"

दिनानाथांच्या हातातली खारी कपात पडली आणि तळाशी गेली. सेक्टरात तोंडवळकर एकच होते.

दिनानाथ गोदीच्या कचेरीत होते हे खरं, पण स्टेशनरी विभागात. जहाजांच्या कागदपत्रांना लागणाऱ्या टाचण्या त्यांच्या सहीनं सुटत, इतकाच त्यांचा जहाजांशी संबंध. तसा मूळ गाव मालवणजवळचा, घरातून समुद्र दिसायचा, पण दिनानाथांना समुद्र घरातूनच बरा वाटे. लग्नानंतर आठव्या दिवशी ते नव्या बायकोला घेऊन घारापुरीला निघाले. लाँच अजून धक्क्याला बांधलेलीच होती, आणि दिनानाथांना उलटी झाली. ती जयमालाबाईंच्या लाल साडीवर झाली. "बटाटेवडा बाधला," असं सांगून ते उतरले, आणि घारापुरी राहिली ती राहिलीच.

जयमालाबाई सांगलीकडच्या. लहानपणी पाणी पाहिलं ते कृष्णेच्या घाटावरचं. मोठ्या जहाजात बसावं, चारी बाजूंनी फक्त समुद्र दिसावा, एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती. क्रूझच्या जाहिराती येऊ लागल्यावर ती हौस दर दिवाळीला वर यायची, आणि दिनानाथ तिला दर दिवाळीला नवी सबब सांगायचे. कधी गुडघा, कधी पासपोर्ट. सबबी संपल्या तेव्हा चार वर्षांपूर्वी त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "जयमाला, शब्द देतो. आपल्या दारातून जहाज सुटू दे, पहिल्या फेरीला तुला घेऊन जातो." दारामागच्या खाडीत ओहोटीला कुत्रं उतरलं तरी पोटापर्यंत चिखलात रुतायचं. इतका सुरक्षित शब्द दिनानाथांनी आयुष्यात दुसरा दिला नव्हता.

आणि तोच त्यांनी स्वतःच्या तोंडानं घालवला होता.

झालं असं, की तीन दिवसांपूर्वी खाडीच्या बांधावर फिरताना निखिलनं विषय काढला. निखिल हा इस्टेट एजंट. तो फिरायला यायचा ते फ्लॅट विकायचे असलेले लोक भेटतात म्हणून.

"काका, वाचलंत का? ती फॅमिली क्रूझवाली कंपनी नवीन होम पोर्ट शोधतेय. म्हणजे जहाज जिथून सुटतं आणि जिथं परत येतं, ते बंदर. आपल्याकडे चान्स आहे काय? तुम्ही पोर्टातले, तुम्हाला आतलं माहीत असणार."

बरोबरच्या आठ-दहा जणांनी दिनानाथांकडे पाहिलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. दिनानाथांनी खाडीकडे नजर टाकली. पाण्यात ओळीनं सात-आठ बांबू रोवलेले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला लाल फडकं होतं.

"सर्व्हे असाच होतो," ते गंभीरपणे म्हणाले. "लाल फडकं म्हणजे चॅनेलची, जहाजाच्या वाटेची हद्द. मी याहून जास्त बोलणं बरोबर नाही."

सगळा घात त्या शेवटच्या वाक्यानं केला. निखिलनं तिथल्या तिथे बांबूंचा फोटो काढून 'प्रभातफेरी' ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तो जुईनगरला पोचला. संध्याकाळी एपीएमसी मार्केटातल्या एका कांदा व्यापाऱ्यानं दिनानाथांना फोन करून जहाजाच्या भटारखान्याला रोज किती गोणी लागतील ते विचारलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलक लावला की क्रूझच्या प्रवाशांचं सामान पॅसेंजर लिफ्टमधून नेऊ नये. निखिलनं तर बी विंगमधल्या, खाडीऐवजी समोरची पाण्याची टाकी दिसणाऱ्या फ्लॅटची 'क्रूझ-फेसिंग' म्हणून जाहिरात केली.

दिनानाथांनी यातलं घरी काही सांगितलं नव्हतं. जयमालाबाई त्या ग्रुपवर नाहीत, एवढ्या आधारावर ते निर्धास्त होते. मेहुणीकडून, सांगलीवरून वळसा घालून बातमी स्वयंपाकघरात येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

चहा तसाच टाकून त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'मी बांबूंबद्दल जे बोललो ते केवळ अंदाजाने. मला काहीही माहिती नाही. कृपया अफवा पसरवू नये.'

पाच मिनिटांत निखिलचा फोन.

"काका, समजलं. वरून प्रेशर आलं ना?"

"कसलं प्रेशर? अरे, मला खरंच काही माहीत नाही."

"बरोबर आहे, तुम्ही असंच बोलणार. टेन्शन घेऊ नका, तुमचं नाव काढतो. आता नुसतं 'एक माजी अधिकारी' टाकतो."

दिनानाथ अधिकारी कधीच नव्हते. नाव गेलं आणि बढती मिळाली.

आता बांबू रोवणारालाच गाठायला हवा होता. चौकशी करत ते करावे गावात शिरले. देवळामागे धर्मराज आपल्या होडीला निळा रंग देत होता. त्याची बायको शेवंताबाई बाजूला जाळं पसरून फाटकं शिवत बसली होती.

"खाडीतले ते बांबू कुणाचे, काही माहीत आहे?"

"आमचेच हायत," धर्मराज म्हणाला. "जालं बांधतो त्यांना. कोनाची होडी आपटू नये म्हनून वर फडकं लावलंय. शेवंताला कुनीतरी जुनी साडी दिलेली, तिचं."

दिनानाथांना त्याला मिठी मारावीशी वाटली. "वा! मग एवढंच तुम्ही आमच्या लोकांना येऊन सांगा."

"सांगंन की. पन काका, पोर्ट तर होनारच हाय ना?"

"कशावरून?"

"आता घ्या! तुमच्या टावरातली सगली शिकलेली मानसं बोलतात, ती काय येडी हायत? त्यांच्यात एक पोर्टातला मोठा सायेब हाय. त्यानं तर नुसत्या खुना बघून ओलखलं. आमच्या बांबूंच्या बाजूलाच सरकारी बांबू असतील. आमाला सगले सारकेच दिसतात."

"अहो, तो साहेब मीच!"

धर्मराजनं ब्रश ठेवला, हात लुंगीला पुसले आणि प्लास्टिकची खुर्ची आणून फुंकर मारून पुढे केली. "मंग सायेब, तेवढं आमच्या होडीचं बघा. जेट्टीला एका कोपऱ्यात जागा ठेवा. म्हनून तर रंग काढलाय."

शेवंताबाई जाळ्यातून मान वर न करता हसली. "वलखते मी यांना. यांची बाय दर बुधवारी माज्याकडनंच म्हावरं घेते. लय चांगली हाय बिचारी."

ती का हसली ते दिनानाथांना कळलं नाही. ते बांबूंत अडकले होते. जाळं फाटलेलंच होतं, तेव्हा चार दिवस बांबू काढून ठेवायला धर्मराज आनंदानं तयार झाला. साहेबांचा शब्द त्याला मोडवेना. खूणच राहिली नाही तर बोलायला विषय राहणार नाही, असा हिशेब करून दिनानाथ घरी आले आणि दुपारी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी मोकळी झाली. साडेसातला ग्रुपवर रिकाम्या पाण्याचा फोटो आला. खाली निखिलनं लिहिलं होतं: 'सर्व्हे पूर्ण!!! खुणा काढल्या. काम कधीही सुरू.' त्याखाली बासष्ट अंगठे होते आणि अभिनंदनाचे एकोणीस पुष्पगुच्छ.

घरात सूटकेस पलंगावर उघडी पडली होती. रुंद काठाची गवती टोपी आली होती. भिशीच्या बायका येऊन टोपी बघून गेल्या होत्या, आणि जयमालाबाई प्रत्येकीला एकच सांगत होत्या, "यांनी शब्द दिला होता हो. उशीर झाला, पण शब्द मोडायचा माणूस नाही." आतल्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून बसलेल्या दिनानाथांना हे ऐकू येत होतं. पेपर उलटा होता. त्या हसत होत्या, आरशात टोपी तिरकी करून बघत होत्या, आणि दिनानाथांना त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. बायकोला आपण इतकी वर्षं फसवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या प्रहरी बायका गेल्यावर ते पलंगाच्या कडेला येऊन बसले.

"जयमाला, थांब. ते टॉवेल भरू नकोस. जहाज येत नाहीये. सर्व्हे नव्हता तो, धर्मराजचे बांबू होते. मी उगाच मोठेपणा केला."

जयमालाबाई टॉवेलची घडी करत राहिल्या.

"आणि आणखी एक. मला पाण्याची भीती वाटते. नुसतं होडीकडे बघितलं तरी पोटात ढवळतं. त्या दिवशी बटाटेवड्याचा काही दोष नव्हता."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"सगळंच. वडा तुम्ही खाल्ला नव्हता, मी खाल्ला होता. आणि बांबूंचं शेवंताबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नसतं सांगितलं तरी फडकी ओळखली असती मी. साडी मीच दिली होती त्यांना गेल्या वर्षी, ती लाल."

"लाल? म्हणजे ती..."

"तीच. घारापुरीची. तुम्ही तिला चॅनेलची हद्द म्हणालात."

दिनानाथांनी कपाळावर हात मारला. "मग ही सूटकेस? ही टोपी?"

"तेहतीस वर्षं तुम्ही सबबी सांगताय आणि मी ऐकतेय. म्हटलं, खरं कधी बोलता ते तरी बघू या. चार दिवस लागले तुम्हाला." त्यांनी सूटकेसचं झाकण लावलं. "आता शब्दाचं बोला. आपल्या दारातून जहाज सुटलं की, असंच म्हणाला होता की नाही?"

"हो, पण जहाज कुठंय?"

"धर्मराजभाऊंची होडी आहे की. दारापासून सात मिनिटं. उद्या सकाळी सहाला भरती आहे, मी ठरवून आलेय."

दुसऱ्या दिवशी दिनानाथ पाचलाच उठले. पण आधी त्यांना चप्पल सापडेना, मग चष्मा सापडेना. गॅस बंद केला का ते बघायला ते दोनदा परत फिरले, आणि बाथरूमला किती वेळा गेले ते मोजण्यात अर्थ नाही. करावे गावात पोचेपर्यंत आठ वाजले. धर्मराज पाण्याकडे बघत उभा होता.

"सायेब, सुकती लागली. पानी उतरतंय. लय लांब नाय जाता येनार."

"नाही गेलं तरी चालेल," दिनानाथ ताबडतोब म्हणाले.

"जायचं," जयमालाबाई म्हणाल्या आणि टोपी सावरत होडीत बसल्या. दिनानाथांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी फळी धरली आणि पाय आत टाकला. होडी बांधापासून दोनशे हात गेली असेल नसेल, खालून खरखर आवाज झाला आणि ती चिखलात बसली.

"झालं," धर्मराज म्हणाला. "आता भरती येईपर्यंत हितंच."

दिनानाथांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. होडी जागची हलत नव्हती. पोटातही काही हलत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी फळी सोडली. जयमालाबाईंनी डबा उघडला. तिघांनी थालीपीठ खाल्लं. डिसेंबरचं ऊन अंगाला बरं वाटत होतं, चिखलात फ्लेमिंगो चोची खुपसून फिरत होते. कितीतरी वर्षांत एवढ्या निवांत गप्पा दोघांच्या झाल्या नव्हत्या. अकराच्या सुमारास सुचिताचा फोन आला.

"ताई, सुटलं का गं जहाज?"

"सुटलं."

"फार हलतंय का?"

"छे, अजिबात नाही. म्हणून तर तुझे भावोजी खूश आहेत."

बांधावर गर्दी जमली होती. फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब निखिलबरोबर उभं होतं आणि तो हात लांब करून काहीतरी दाखवत होता. दिनानाथांचा फोन वाजत होता. ग्रुपवर निखिलनं टाकलं होतं: 'ट्रायल रन सुरू. काका जातीने हजर. सौ. काकूही बोर्डवर.'

चारच्या सुमारास पाणी चढलं. होडी आधी एका बाजूला कलली, मग दुसऱ्या, आणि अलगद सुटी झाली. दिनानाथांचा चेहरा कोथिंबिरीच्या रंगाचा झाला. त्यांनी काठ धरला आणि अख्खं थालीपीठ खाडीला अर्पण केलं. जयमालाबाईंनी एका हातानं त्यांची पाठ चोळली. या वेळी त्यांनी साडी आधीच आवरून घेतली होती.

"फिरायचं का मागं?" त्यांनी विचारलं. आवाजात चिडवणं नव्हतं. "बसलो होडीत, झालं माझं."

दिनानाथांनी तोंड पुसलं. समोर खाडी रुंद होत गेली होती आणि पार टोकाला पाणी चकाकत होतं. जयमालाबाई त्या पाण्याकडेच बघत होत्या.

"धर्मराज," ते म्हणाले, "चारी बाजूंनी पाणी दिसेल इथवर घ्या." आणि पुन्हा काठावर वाकले.

त्यांच्या खिशातला फोन परत वाजला. जयमालाबाईंनी तो काढून वाचला. बांधावरून निखिलनं फोटो टाकला होता: 'माजी अधिकारी स्वतः वाकून पाण्याची खोली तपासताना. काका, काय रिपोर्ट?'

जयमालाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, टोपी नीट केली, आणि त्याच्याच नावानं उत्तर टाकलं: 'खोली भरपूर आहे. दुसऱ्या फेरीची तारीख लवकरच कळवतो.'