सुपडूआबांची चौकशी

सुपडूआबांसोबत एसटीत बसायची मला लाज वाटते. शेजारच्या सीटवर कोणीही असो, गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत आबांचा प्रश्न येतो, "महिनाले हातमा कितलं उरस?" पगार ते विचारत नाहीत. पगार कोणीही फुगवून सांगतो, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांचं देऊन झाल्यावर हातात काय उरतं, तेवढंच त्यांना हवं असतं. एकदा त्यांनी कंडक्टरलाच गाठलं. तो बिचारा अमळनेरपर्यंत स्वतःच्या घराच्या हप्त्यांचं रडगाणं गात बसला आणि मागच्या बाकांची तिकिटं फाडायची राहून गेली.

आबा आमचे चोपड्यातले शेजारी. लग्न झालेलं नाही, मागेपुढे कोणी नाही. डोक्यावर पांढरी टोपी, बगलेत छत्री. गल्लीत कोणाच्याही मुलीला स्थळ आलं की चौकशीला आबांनाच धाडतात. मुलाच्या घरासमोरचा चहावाला, किराणावाला, इस्त्रीवाला सगळ्यांना गाठून ते त्याचं आयुष्य उकरून आणतात. आणि एवढं करून शेवटी थेट मुलासमोर जाऊन बसतात आणि त्यालाच विचारतात. ही काय रीत झाली? त्यापायी दोन-तीन स्थळं मोडलीसुद्धा, पण आबा सुधारले नाहीत.

बारावीनंतर मला ब्युटी पार्लरचा कोर्स करायचा होता. धुळ्याला एक चकचकीत अकादमी आहे. तिथली फी ऐकून आईने पदर तोंडाला लावला, पण मॅडम म्हणाल्या, कर्जाची सोय आम्हीच करतो, नोकरी लागली की बघता बघता फिटतं. जळगावच्या सरकारी आयटीआयमध्ये हाच कोर्स थोड्या पैशांत होत होता. पण तिथे ना एसी, ना भिंतीवर हसऱ्या मुलींचे मोठमोठे फोटो. मला धुळंच हवं होतं. मी दोन दिवस धड जेवले नाही, तेव्हा पप्पा कर्जाच्या कागदांवर सही करायला तयार झाले. आणि नेमके मध्ये आबा कडमडले.

"कॉलेज म्हंजे बी स्थळच शे," ते म्हणाले. "मॅडमले काय इचारानं? नवरदेवनी माय नवरदेवले नावं ठेवी का? ज्या पोरी तठे नांदी उन्यात, त्यासलेच इचारूत."

झालं, मला घेऊन आबा धुळ्याला निघाले. भिंतीवर फोटो असलेल्या मुलींचे पत्ते त्यांनी अकादमीसमोरच्या चहावाल्याकडून काढले. गोची एवढीच झाली, की टोपी, छत्री आणि सोबत एक पोरगी असा थाट बघून लोकांना वाटलं, मुलगी बघायला आले. पहिल्या घरी आम्ही चपला काढतोय तोवर आत कांदा चिरायला सुरुवात झाली. पार्लरमधून मुलगी धावत आली आणि थोड्या वेळात साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मला तर सगळ्यांनी परस्पर नणंद करून टाकलं. आबांनी पोहे संपवून शांतपणे विचारलं, "हातमा कितलं उरस?" स्थळ चोखंदळ दिसतंय, असं वाटून मुलीच्या वडिलांनी असा काही आकडा सांगितला, की खुद्द मुलगीच दचकली.

"आबा, त्यांना खरं सांगा ना!" मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"सांगतू, पन पोहे नाकारीसन पोरना अपमान कराना का?"

दुसऱ्या घरी एका आजीने मला जवळ घेऊन भावाची शेती किती, ते विचारलं. मला भाऊच नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तिसरं घर देवपुरातलं, वैशालीचं. वडील रिक्षा चालवायचे. आम्ही येतोय हे चहावाल्याकडून आधीच कळल्यामुळे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आईने शेजारच्या काकूंनाही बोलावलं होतं. आबांनी आपला प्रश्न टाकला आणि वडील कौतुकाने म्हणाले, "चांगलं मिळतं हो तिला. कोर्सच्या कर्जाचा हप्तासुद्धा तिचा तीच भरते."

"तुमले नही भाऊ, पोरले इचारी ऱ्हायनू," आबा म्हणाले. "बोल माय, हप्ता दीसन कितलं उरस?"

वैशाली पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही उरत. पगारापेक्षा हप्ताच मोठा आहे. कानातले मोडून भरतेय."

तिच्या आईने तिच्या कानांकडे पाहिलं. कानांत खोटी फुलं होती.

"मला बोलली नाहीस?" वडिलांनी विचारलं.

"तुम्ही रिक्षात बसेल त्याला सांगत होता ना, माझी पोरगी कमावते म्हणून."

काकू हळूच उठून गेल्या. आबांनी टोपी काढून हातात घेतली. "भाऊ, मन्ही चूक व्हयनी. मी पोर देखाले उनू नव्हतू. आमनी हाई पोर तठेच नाव घालनार व्हती, म्हनीसन इचाराले उनू."

आम्हाला कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. वैशालीची आई एवढंच म्हणाली, "पोहे गार होतील, खाऊन घ्या." आम्ही खाल्ले. माझ्या पप्पांचे पैसे वाचले होते, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या पोरीची लाज तिच्या बापासमोर उघडी पडली होती. मला मान वर करून तिच्याकडे बघवेना.

वैशाली आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मला म्हणाली, "तू नको फसू तिथे. आणि आजोबांना सांग, मला राग नाही आला. इतक्या दिवसांत मला कोणी विचारलंच नव्हतं."

परतीच्या गाडीत मी आबांना तिचा निरोप सांगितला. जळगावलाच फॉर्म भरते, असंही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आबा, तुमच्याकडे कधी कोणी चौकशीला आलं होतं का हो?"

"उन्हतात ना, एकदाव. पोरले लगीननंतर शिवणक्लास करना व्हता. हाऊ नवरदेव करू दी का, तेच इचाराले उन्हतात. बठ्ठी गल्लीले इचारं त्यासनी. गल्लीनी सांगं, हाऊ काय करू देनार नही."

"आणि सगळ्या गल्लीला विचारत होते, तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"घरमाच व्हतू. नवा सदरा घालीसन बठेल व्हतू."

अमळनेर मागे पडलं, बरीचशी माणसं उतरून गेली. आबा खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे न वळता ते हळूच म्हणाले,

"माले इचारतात तं हो म्हनतू मी."