मारोतरावांचा हेबियस कॉर्पस

सदर वस्तीतले आमचे शेजारी मारोतराव रोज जेवणाचा डबा घेऊन हायकोर्टात जात. स्वतःचा खटला कधीच नसे. लोक नाटकाला जातात तसे ते दुसऱ्यांचे खटले बघायला जात. मागच्या बाकावर बसायचे आणि युक्तिवाद रंगात आला, की शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायचे, "यात दम नाही." ते साऱ्या कोर्टाला ऐकू जाई. पट्टेवाला बाहेर काढी. मग मारोतराव खिडकीतून ऐकत.

महायुद्धाच्या दिवसांत त्यांच्या धाकट्या भावाला, श्यामरावला, पोलिसांनी उचललं. गुन्हा नाही, खटला नाही. नुसता स्थानबद्धतेचा सरकारी हुकूम. मारोतराव सकाळीच माझ्याकडे आले. मी नवा वकील.

"हेबियस कॉर्पस टाका, वकीलसाहेब."

"मारोतराव, बेकायदा अटकेविरुद्धचे असे अर्ज सध्या टिकत नाहीत."

"मले मालूम हाये. यात दम नाही."

"मग कशाला टाकायचा?"

"टाका नं गा. फक्त एवढं मागा, का मानसाले कोर्टात हजर करा."

मला काही उमगेना, पण टाकला अर्ज.

सुनावणीला श्यामरावला आणलं. दोन शिपायांच्या मधे, गालफडं बसलेली. सरकारी वकील बोलले, मी अडखळत बोललो. मारोतरावांचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं, ते भावाकडे बघत होते. आणि कसं कोण जाणे, हुकूम नीट विचार न करता काढलाय म्हणून न्यायमूर्तींनी श्यामरावला मोकळं केलं.

व्हरांड्यात येतो न येतो तोच फौजदार पुढे आला. हातात नवा हुकूम.

श्यामरावने मला विचारलं, "म्हंजे वकीलसाहेब, मी सुटलो का पकडल्या गेलो?"



मारोतरावांनी फौजदाराची मिनतवारी करून भावाला तिथेच पायरीवर बसवलं, डब्यातली भाजीपोळी खाऊ घातली. श्यामरावला घेऊन पोलिसांची गाडी गेली तरी ते उभेच.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"नव्या हुकमावर नवा अर्ज."

"आणि पुन्हा असंच झालं तर?"

"होऊ द्या. जेलात भेटू देऊन नाही राहिले. इथं आनतेत, तं डोळ्यानं दिसते तरी." रिकामा डबा पुसत ते हळू म्हणाले, "घरी दुसरं कोन हाये मले?"